संगणकाचं घड्याळ मागे पडतं : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली आठही पत्रं एकाच तक्रारीची आहेत. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठे बिलावरची तारीख चुकते, कुठे कॅमेऱ्याची वेळ. बहुतेकांनी पहिला उपाय म्हणून यंत्राच्या आतला, घड्याळ चालवणारा बटणासारखा सेल बदलायचं ठरवलं आहे किंवा बदलून झाला आहे. प्रत्यक्षात आठांपैकी दोनच ठिकाणी दोष सेलचा आहे. म्हणून एक विनंती. घड्याळाला हात लावण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा : वेळ किती चुकते, आणि यंत्र बंद असताना चुकते की चालू असताना. रोज दोन सेकंद, नेमके साडेपाच तास, की एकदम दहा वर्षं मागे, या आकड्यातच दोष कुठे आहे ते दिसतं.

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांची बिलं संगणकावर करतो. संध्याकाळी सातला संगणक बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करतो. सकाळी घड्याळ कधी चाळीस मिनिटं मागे, कधी दोन तास. गेल्या आठवड्यात तर थेट १ जानेवारी २०१५ दाखवत होतं आणि बिलावर तीच तारीख छापली गेली. एकदा वेळ लावली की दिवसभर मात्र बरोबर चालते. (बागायतदार, देवगड)

उत्तर : दोष सेलचाच. "दिवसभर बरोबर चालते" हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, त्यामुळे दुसरी शंका उरत नाही.

संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डावरचं, यंत्र बंद असतानाही चालणारं. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून ही सोय पीसीमध्ये आहे. दुसरं विंडोजचं. सुरू होताना विंडोज बोर्डावरच्या घड्याळाची वेळ उचलते आणि पुढे दिवसभर स्वतः मोजते. म्हणून रात्रीची चूक सकाळी दिसते आणि दिवसा वाढत नाही.

भिंतीवरचं बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टचा बारीकसा पुरवठा बोर्डाला मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद झालं की सगळा भार सेलवर. हा सेल म्हणजे सीआर२०३२ : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट, क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-अवर. घड्याळ ओढतं जेमतेम ३ ते ५ मायक्रोअँपिअर. ५ धरले तरी ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं निघतात. लिथियमचा सेल आयुष्यभर ३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी झपाट्याने उतरतो. त्या उतरणीवर घड्याळ आधी अडखळतं, रात्रीतून मध्येच थांबतं. मग एके दिवशी सगळं विसरून बायोसमधल्या (बोर्डावरच बसवलेल्या, संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधल्या) मूळ तारखेवर जाऊन बसतं. तुमचा सेल या शेवटच्या टप्प्यावर आहे.

तरीही वीज वाचवायला किंवा विजांच्या भीतीने बटण बंद करायची सवय मोडू नका. वैशाखातला वळीव आणि ऑक्टोबरातला गडगडाट आपल्या किनाऱ्यावर बोर्ड जाळून जातो. बोर्डाच्या किमतीपुढे सेल काहीच नाही.

बदलण्याआधी संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढल्यावर जुन्या यंत्रात ही सगळी मांडणी पुसली जाते. त्यात सॅटा मोड (हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयवरून दुसरीकडे गेला की विंडोज सुरूच होत नाही, आणि लोक समजतात हार्डडिस्क गेली. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बायोस बदललं की ती मागितली जाऊ शकते.

मग संगणक बंद करा, वायर मागून उपसा, आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला भार निघून जाईल. कॅबिनेट आडवं ठेवा. उभ्या कॅबिनेटमधून निसटलेला सेल ग्राफिक्स कार्डाच्या मागे जाऊन पडतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. सेलच्या कडेला धातूची छोटी जीभ असते. ती नखाने बाहेर ढकलली की सेल आपोआप वर उचलला जातो. खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. पात्याने शेजारच्या बारीक पट्ट्या खरवडल्या जातात. नवा सेल कडेने धरा. सपाट बाजूंवर घामाचं बोट लागलं तर आपल्या दमट हवेत तिथेच हिरवट थर धरतो. अधिक चिन्ह आणि अक्षरं असलेली बाजू वर.

दुकानात सीआर२०३२ नसला की "हाही चालतो" म्हणून सीआर२०२५ हातात ठेवतात. तो २.५ मिलिमीटरच जाड असतो, खाचेत सैल बसतो, आणि कॅबिनेटला धक्का लागला की घड्याळ पुन्हा २०१५ मध्ये.

सेल बसवल्यावर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. लाल टोक सेलच्या वरच्या बाजूवर, काळं टोक कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूवर. ३.० ते ३.३ यायला हवं. २.८ च्या खाली आलं तर दुकानातला "नवा" सेलच जुना आहे. होल्डरबाहेर मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका. भार नसताना संपत आलेला सेलही चांगला दिसतो.

बायोसमध्ये तारीख आणि वेळ हाताने लावा, फोटो बघून बाकीचं जागेवर आणा, सेव्ह करा. नंतर विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम असं जाऊन सिंक नाऊ दाबा. क्रम हाच ठेवा. घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर विंडोजची वेळसेवा मुळात १५ तासांपेक्षा जास्त फरक आपणहून दुरुस्त करत नाही. तारीख २०१५ ची असताना नुसतं सिंक दाबत बसलात तर बहुधा काहीच होणार नाही.

पहिल्या रात्री भिंतीवरचं बटण बंद ठेवून सकाळी मोबाइलशी ताळा करा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवा. हा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. लक्षणांची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावं लागतं.

प्रश्न : बंदराजवळ ऑफिस आहे. संगणकाचा सेल दर दोन महिन्यांनी संपतो. या वर्षातला हा चौथा. चांगल्या कंपनीचे सेल घेतले, तरी तेच. (मासळी व्यापारी, हर्णै)

उत्तर : चार सेल सारखेच वाईट निघत नाहीत. तुमचा बोर्ड सेल पितो आहे. तो किती पितो हे घरी मोजता येतं.

एक किलोओहमचा रेझिस्टन्स घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रुपया-दोन रुपयांत मिळतो. संगणकाची वायर उपसून सेल होल्डरबाहेर काढा. सेलचा ऋण बाजूचा संपर्क बारीक वायरने होल्डरच्या तळाच्या पट्टीला जोडा. धन बाजू होल्डरच्या वरच्या जिभेला जोडा, पण वाटेत तो रेझिस्टन्स घाला. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टन्सच्या दोन टोकांवर लावा. एक किलोओहमवर एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मायक्रोअँपिअर, इतका सोपा हिशेब. पहिले काही सेकंद आकडा मोठा दिसेल, कारण बोर्डावरचे कपॅसिटर भरत असतात. मिनिटभर थांबून वाचा.

२ ते ६ मिलिव्होल्ट आले तर बोर्ड निरोगी. ५० आले तर २२० मिलिअँपिअर-अवरचा सेल ४,४०० तासांत, म्हणजे सहा महिन्यांत संपेल. तुमचे दोन महिने धरले तर आकडा दीडशेच्या पुढेमागे यावा.

बंदराजवळ पहिला संशय मिठाचा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ बोर्डावर बसतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सेलच्या पट्टीपासून ग्राउंडच्या (ऋण बाजूच्या) पट्टीपर्यंत वीज वाहणारा पातळ थर तयार होतो. सेलच्या आसपास भिंग लावून पाहा : हिरवट बुरा, पांढरी पावडर, मुंग्यांनी आणलेली माती, पालीची विष्ठा. पाल कॅबिनेटच्या उबेला येते, आणि तिची विष्ठा ओली झाली की बोर्डाला चांगलीच भोवते. याच भागात एक बारीक नळीसारखा किंवा चपटा चौकोनी क्रिस्टल असतो. घड्याळ त्याच्या कंपनांवर चालतं, सेकंदाला ३२,७६८. क्रिस्टलच्या पायांशी ओल धरली तर सेल न संपताही घड्याळ मागे पडतं किंवा थांबतं.

सफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. सेल काढून ठेवायचा, ब्रश बुडवून सेलच्या होल्डरभोवती आणि क्रिस्टलपाशी हलक्या हाताने घासायचं, मळलेलं अल्कोहोल सुती फडक्याने टिपायचं, आणि पुन्हा एकदा स्वच्छ अल्कोहोलने धुवायचं. नुसतं एकदा पुसलं तर मीठ विरघळून बाजूला पसरतं, जात नाही. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल प्लॅस्टिक खातं. नंतर पंख्याखाली पूर्ण एक दिवस सुकवून पुन्हा मोजा.

आकडा उतरला नाही तर तीन ठिकाणं पाहायची. सेलजवळच्या तीन पिनांवरची टोपी, जी बायोस पुसण्यासाठी असते : ती नेहमी पहिल्या दोन पिनांवर हवी. कुणी दुरुस्तीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या पिनवर विसरलं असेल तर घड्याळ टिकत नाही. ती नीट असेल, तर सेल आणि स्टँडबाय पुरवठा (संगणक बंद असताना मिळणारे ते ५ व्होल्ट) यांच्यामधला तीन पायांचा छोटा डायोड किंवा त्याच्या शेजारचा कपॅसिटर गळतो आहे. हे काम हॉट एअर (गरम हवेने डाग सोडवणारं यंत्र) असलेल्या कारागिराचं. घरच्या कावियाने (सोल्डरिंग आयर्नने) ते पाय उपटून येतात.

ठेवण्याची जागाही बदला. समुद्राकडची खिडकी, बर्फाच्या पेट्यांची भिंत आणि फरशी, तिन्हींपासून दूर, टेबलावर. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर संगणक चालू ठेवा. आतली ऊब ओल बाहेर काढते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बंद ठेवलेला संगणक या हवेत चालू संगणकापेक्षा लवकर जातो.

प्रश्न : शाळेच्या लॅबमधल्या संगणकांवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्सचा तास झाला की विंडोजमध्ये वेळ बरोबर साडेपाच तास मागे जाते. दहा सेल बदलले. (संगणक शिक्षक, सावंतवाडी)

उत्तर : सेल उगाच बदलले गेले. साडेपाच तास हा आकडा आपल्या ओळखीचा आहे : भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या तितकी पुढे.

बोर्डावरचं घड्याळ फक्त आकडे सांभाळतं. ते कुठल्या देशाचे, हे त्यात लिहिलेलं नसतं. विंडोज त्या आकड्यांना स्थानिक वेळ मानते, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सने बोर्डावर सकाळचे ५ लिहिले, म्हणजे आपले साडेदहा. विंडोज ते ५ जसेच्या तसे दाखवते.

दोघांपैकी एकाने दुसऱ्याचं ऐकायला हवं. जगभरात लिनक्सची रीत ठेवायला सांगतात, कारण उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर मागेपुढे करणाऱ्या देशांत स्थानिक वेळेचा गोंधळ होतो. भारतात ती भानगड नाही, म्हणून शाळेसाठी लिनक्सला विंडोजची रीत लावणं सोपं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा, तिला सेट-लोकल-आरटीसी हा पर्याय आणि पुढे १. लिनक्स धोक्याची सूचना दाखवेल, ती याच उन्हाळी वेळेबद्दल आहे. त्यानंतर एकदा विंडोजमध्ये जाऊन वेळ दुरुस्त करा.

वेळ जुळावी म्हणून विंडोजचा टाइम झोन बदलायचा मोह काही मुलांना होतो. तो करू देऊ नका. फायलींच्या वेळा पुढे कायमच्या चुकीच्या लागतात.

प्रश्न : आमच्या संस्थेत सात संगणक आणि एक सर्व्हर. सातही चार मिनिटं मागे. हाताने लावले तरी थोड्या वेळाने पुन्हा चार मिनिटं मागे. इकडे व्होल्टेज फार वर-खाली होतं, त्याचा परिणाम असेल का? (सहकारी संस्था, रत्नागिरी)

उत्तर : व्होल्टेजचा संबंध नाही. विजेच्या तारेतल्या ५० हर्ट्झवर मोजणारी जुनी विजेची घड्याळं असत, त्यांच्यावर परिणाम होई. संगणक स्वतःच्या क्रिस्टलवर मोजतो.

सात यंत्रं एकाच अंतराने मागे आहेत, याचा अर्थ ती सातही बरोबर चालली आहेत आणि एकाच चुकीच्या घड्याळाशी जुळवून घेत आहेत. ते घड्याळ सर्व्हरचं. डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्यात, जोडलेला संगणक वेळ इंटरनेटवरून घेत नाही, सर्व्हरकडून घेतो. तुम्ही हाताने लावता, सर्व्हर पुन्हा आपल्याकडे ओढतो.

यात घाई करण्याचं कारण आहे. डोमेनमध्ये लॉगिन होताना दोन यंत्रांतला फरक ५ मिनिटांपेक्षा जास्त असला तर नेहमीच्या मांडणीत ओळख नाकारली जाते. आज सगळे एकत्र मागे आहेत म्हणून काम चाललं आहे. उद्या एखादा लॅपटॉप बाहेरून बरोबर वेळ घेऊन आला आणि सर्व्हर आणखी मिनिटभराहून जास्त घसरलेला असला, तर पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येणार नाही.

सर्व्हरला बाहेरचा वेळ-सर्व्हर द्या. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी या पत्त्यावर आहे. राउटरमध्ये यूडीपी पोर्ट १२३ (वेळेची देवाणघेवाण होते ती वाट) अडवलेलं नाही ना, तेवढं पाहा. बहुतेक वेळा सिंक न होण्याचं कारण तेच निघतं. सर्व्हर आभासी यंत्रावर (दुसऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर) चालत असेल तर आधी मूळ यंत्राचं घड्याळ सुधारा, आणि आभासी यंत्राला एकाच ठिकाणाहून वेळ मिळू द्या. दोन मालक झाले की घड्याळ मागेपुढे उड्या मारतं. सातही संगणकांवर सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज टाइम चालू आहे ना पाहा. बाकी त्यांना हात लावायची गरज नाही, तासाभरात ते आपणहून जुळतील. यापुढे आठवड्यातून एकदा फक्त सर्व्हरची वेळ मोबाइलशी ताडून पाहिली तरी पुरे.

प्रश्न : होमस्टेच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र). इंटरनेट आलं की वेळ अडीच तास पुढे जाते. लाइट जाऊन आली की २०००च्या आसपासची तारीख. (होमस्टे चालक, तारकर्ली)

उत्तर : दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. अडीच तासांचा दोष टाइम झोनचा : यंत्र चीनच्या वेळेवर म्हणजे जीएमटी अधिक ८:०० वर राहिलं आहे. मेनूत जीएमटी अधिक ५:३० करा, डीएसटी (उन्हाळी वेळ) बंद, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेणं) चालू, तपासणी दर ६० मिनिटांनी. लाइट गेल्यावरचा दोष आतल्या सेलचा. डीव्हीआर उघडल्यावर बोर्डावर बहुधा सीआर२०३२ किंवा त्याहून लहान सीआर१२२० दिसतो. जुन्यावर कोरलेला नंबर वाचून तोच आणा. काही बोर्डांवर तो डाग देऊन बसवलेला असतो. तिथे पाय असलेलाच सेल हवा, साध्या सेलवर थेट काविया टेकवला तर तो फुटतो.

एखादी घटना घडून गेली असेल आणि चित्रण पोलिसांना द्यायचं असेल, तर वेळ दुरुस्त करण्याची घाई करू नका. आधी डीव्हीआरचा पडदा आणि शेजारी मोबाइलची वेळ असा एक फोटो काढा, फरक लिहून ठेवा, चित्रण पेनड्राइव्हवर उतरवा, मग घड्याळाला हात लावा. आधी लावलं तर जुन्या आणि नव्या वेळा एकमेकींवर चढतात आणि काही डीव्हीआरमध्ये त्या तासांचं चित्रण शोधताच येत नाही.

प्रश्न : लॅपटॉप सहा महिने कपाटात होता. आता एकही वेबसाइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. (विद्यार्थिनी, अलिबाग)

उत्तर : तारीख पाहा, ती काही वर्षं मागे गेलेली असेल. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची तारीख असते. तुमच्या लॅपटॉपच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर नाकारतो. तारीख हाताने लावा, साइट उघडतील. लॅपटॉप रात्रभर चार्जरला ठेवून पुन्हा बंद करून पाहा. काही लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतोच, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं आणि ती पूर्ण उतरली की वेळ जाते. तरीही तारीख गेली तर आत दोन वायरींचा, प्लॅस्टिकच्या आवरणातला सेल असेल. तो घेताना कनेक्टर आणि लाल-काळ्या वायरींची बाजू जुन्याशी जुळवून घ्या, ती सगळ्यांची एक नसते. आणि लॅपटॉप उघडल्यावर पहिलं काम, मुख्य बॅटरीची जोडणी काढणं.

प्रश्न : इंटरनेट नसलेला संगणक रोज दीड-दोन सेकंद मागे पडतो. सेल नवा आहे. (वाचक, चिपळूण)

उत्तर : यात दोष काहीच नाही. साध्या क्रिस्टलची अचूकता दहा लाखांत २० भागांची असते, म्हणजे दिवसाला १.७ सेकंद आणि महिन्याला पाऊण ते एक मिनिट. हा क्रिस्टल २५ अंशांना सर्वांत वेगाने चालतो. तापला तरी आणि गारठला तरी मंदावतो. कॅबिनेटमध्ये ४५ अंश झाले तर तेवढ्यानेच दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतो. महिन्यातून एकदा मोबाइलवरून वेळ लावा. दिवसाला दहा सेकंदांच्या पुढे गेलं, तर वर हर्णैच्या पत्राला दिलेली सफाई करून पाहा.

प्रश्न : महाविद्यालयात रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डाच्या संगणकावर पर्जन्यमापक जोडला आहे. पावसात लाइट जाते, येते, आणि नोंदींच्या वेळा तितक्याच मागे राहतात. इंटरनेट आलं की मध्येच उडी मारून पुढे जातात. (विद्यार्थी गट, दापोली)

उत्तर : पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लाइट गेली की ते शेवटची नोंदवलेली वेळ धरून पुन्हा सुरू होतं. लाइट तीन तास गेली तर तुमचा पाऊस तीन तास आधी पडलेला दिसतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. त्यामुळे सकाळी साडेआठनंतरच्या सरीच्या नोंदी आदल्या दिवशी जमा झाल्या तर दोन्ही दिवसांचे आकडे चुकतात.

डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल लावा. ते स्वतःचं तापमान मोजून क्रिस्टलची चूक भरून काढतं आणि ० ते ४० अंशांत दहा लाखांत २ भागांच्या आत राहतं, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर. त्याच्यासारखंच दिसणारं डीएस१३०७ घेऊ नका, त्यात ही भरपाई नाही. जोडणी : पुरवठा पहिल्या पिनवर (३.३ व्होल्ट), मॉड्यूलवर एसडीए लिहिलेली पिन तिसऱ्यावर, एससीएल पाचव्यावर, ग्राउंड सहाव्यावर. ५ व्होल्टची पिन वापरू नका, पायच्या पिना ३.३ च्याच आहेत. सेटिंगमध्ये आय-टू-सी (या दोन तारांवरची बोलणी) चालू करा, बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीएस३२३१ चा ओव्हरले (मॉड्यूल ओळखायला सांगणारी ओळ) लिहा, आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे पॅकेज असेल तर काढून टाका, नाहीतर ते जुनी वेळ पुन्हा पुढे करतं.

मॉड्यूलच्या सेलकडे नीट बघा. बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची सोय असते, ती एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. लोक तिथे साधा सीआर२०३२ घालतात, आणि ५ व्होल्टवर जोडला की तो फुगतो, कधी फुटतो. साधा सेलच वापरायचा असेल तर काचेच्या छोट्या डायोडशेजारचा २०१ लिहिलेला रेझिस्टन्स काढून टाका, म्हणजे चार्जिंग बंद होतं आणि घड्याळ चालू राहतं. मॉड्यूल पर्जन्यमापकाच्या डब्यात ठेवणार असाल तर सिलिका जेलची पुडी घाला आणि वायर डब्याच्या खालच्या भोकातून आत न्या. वरून नेली तर पागोळीचं पाणी वायरीवरून थेट मॉड्यूलवर उतरतं.